पहिल्या सेकंदाचा डबा

आमच्या बस डेपोत हरवलेल्या सामानाची एक खोली आहे. लोक गाडीत काय काय विसरतात ते बघायचं असेल तर तिथे यावं. छत्र्या, एकेकटे बूट, चष्मे, लहान मुलाची तीनचाकी सायकल आणि एक कुबडी. कुबडी विसरून माणूस घरी कसा गेला, हा प्रश्न मला नऊ वर्षं छळतोय. त्या खोलीच्या आणि माझ्या केबिनच्या मध्ये एक खिडकी आहे, आणि तिचं दार बिजागरीतून निखळल्यामुळे ती लागत नाही. मी टाइमकीपर. कोणती गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता आली, एवढं वहीत लिहायचं. बाकी कशाशी माझं देणंघेणं नाही, असं मी सगळ्यांना सांगत असतो. पण खिडकी लागत नाही म्हणून बाईंचा सगळा वर्ग मला पाच महिने ऐकावा लागला.

बाई म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. वय सत्तावन्न. एकतीस वर्षं एकाच शाळेत, एकाच वर्गाला, एकच धडा: गती. सकाळी शाळा, दुपारी वह्यांचे गठ्ठे, आणि साडेचारला आमच्याकडे, ह्याच खोलीत, ड्रायव्हरांना शिकवायला. त्याचं कारण असं, की कुठल्याशा दुसऱ्या डेपोची एक गाडी ब्रेक मारूनही वेळीच थांबली नव्हती. त्यावर वरच्या ऑफिसने उपाय काढला. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक ड्रायव्हरने गतीच्या गणितांची लेखी परीक्षा द्यायची. तीन गणितं, दोन बरोबर यायला हवीत. तीनदा बसता येईल. तिसऱ्यांदा गडगडला की त्याच्या हातातलं स्टिअरिंग काढून घ्यायचं आणि त्याला गाड्या धुण्याच्या रॅम्पवर पाठवायचं. गाडी का थांबली नाही हे कोणी त्या ड्रायव्हरला विचारलं असेल असं मला वाटत नाही.

बाई यायच्या त्याच दमलेल्या. गळ्यात दोऱ्याने बांधलेला लाल पेन, पर्समध्ये खडूचा डबा आणि शाळेचं जुनं स्टॉपवॉच. छत्र्यांचा ढीग पायाने जरा बाजूला सारायच्या, खुर्चीच्या पाठीला एक हात टेकायच्या, आणि दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहायच्या. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘समजा, एक गाडी ताशी चोपन्न किलोमीटर वेगाने जात आहे.’

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, समजा कशाला? बाहेर बावीस उभ्या आहेत."

"गाडीत प्रवासी किती?" दुसऱ्याने विचारलं.

"प्रवासी धरायचे नाहीत."

"रस्ता ओला का कोरडा?"

"रस्ताही धरायचा नाही. त्वरण एकसमान आहे, एवढंच धरायचं."

"प्रवासी नाहीत, रस्ता नाही. मग ड्रायव्हर तरी आहे का?"

सगळे हसले. बाई नाही हसल्या. "ड्रायव्हरही धरायचा नाही," त्या म्हणाल्या आणि पुढची ओळ लिहायला वळल्या. मी केबिनमध्ये चहा पीत होतो. मला ते उत्तर आवडलं होतं, कारण मला ड्रायव्हर लोक फारसे आवडत नाहीत.

पण शिकवायच्या मात्र झकास. दमलेला माणूस शब्द वाया घालवत नाही, त्यामुळे असेल. ताशी किलोमीटरला पाचने गुणा आणि अठराने भागा, म्हणजे सेकंदाला किती मीटर ते कळतं. चोपन्नचे झाले पंधरा. आता ब्रेक लावला. एकसमान त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग सारख्याच मापाने उतरणार. तीनने उतरतोय असं धरा. पंधराचा बारा, बाराचा नऊ, नवाचा सहा, सहाचा तीन, तिनाचा शून्य. पाच सेकंद लागले. सुरुवातीला पंधरा, शेवटी शून्य, सरासरी साडेसात. साडेसात पाचा साडेसदतीस. गाडी साडेसदतीस मीटर जाऊन थांबली. सूत्र विसरलं तरी हे विसरणार नाही, असं त्या म्हणायच्या, आणि खरंच, मी केबिनमध्ये बसून नुसत्या कानाने शिकलो.

ज्यांना आकड्यांची भीती त्यांना त्या चित्र काढायला लावायच्या. उभ्या रेघेवर वेग, आडव्या रेघेवर वेळ. पंधरावर टिंब द्या, तिथून खाली पाचापर्यंत तिरपी रेघ ओढा. त्रिकोण झाला. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजेच गाडीने कापलेलं अंतर. ज्यांनी चाळीस वर्षांत पट्टी हातात धरली नव्हती ते ड्रायव्हरही जीभ दाताखाली धरून त्रिकोण काढायला लागले. दोन महिन्यांत बहुतेक सगळे पास झाले. एक राहिला.

त्याला डेपोत सगळे इंचपट्टी म्हणतात. छप्पन्न वर्षांचा, अंगाने बारीक, गळ्याची गुंडीसुद्धा लावणारा. सव्वीस वर्षं एकच मार्ग. स्टॉपच्या पांढऱ्या रेघेवर गाडीचं दार असं आणतो की इंचभर इकडे नाही आणि तिकडे नाही, म्हणून ते नाव. बोलणं बेताचं. सव्वीस वर्षांत त्याच्या नावावर माझ्या वहीत एकही लाल शेरा नाही, आणि लाल शेरे मारायला मी कधी मागेपुढे पाहिलेलं नाही.

बाई सहा वीसच्या त्याच्याच गाडीने घरी जायच्या. चौथ्या सीटवर खिडकीशी बसायच्या, आणि गाडीने डेपोचं फाटक ओलांडायच्या आत त्यांना झोप लागायची. कंडक्टर एकदा मला सांगत होता, "दुसऱ्या कोणाची ड्युटी असली की बाईंचं डोकं दर स्टॉपला काचेवर आपटतं. ह्याच्या गाडीत मला त्यांना हलवून उठवावं लागतं."

असा माणूस पहिल्या परीक्षेत तीनपैकी शून्य मिळवून आला. दुसऱ्या परीक्षेतही तीनपैकी शून्य.

वर्गात तर तो एक दिवस चुकवायचा नाही. पहिल्या बाकावर बसायचा, पट्टीने रेघा आखायचा. पण तिरपी रेघ तो कधी अक्षापासून सुरू करायचा नाही. आधी एक घर आडवी रेघ सरळ ओढायचा आणि मग तिथून उतरायला लागायचा. म्हणजे बाकीच्यांचा नुसता त्रिकोण, आणि ह्याच्या त्रिकोणाच्या डाव्या अंगाला चिकटलेला एक उभा चौकोन. बाई येता-जाता त्यावर लाल पेनने काट मारायच्या. "दादा, रेघ इथून सुरू करायची." तो मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकोन. बाईंना वाटलं त्याची नजर अधू झाली असेल, चौकटीचा कागद नीट दिसत नसेल. मला वाटलं टाळकं अधू झालं असेल, आणि मी ते बोलूनही दाखवलं. त्यावरही त्याने मानच हलवली.

दुसऱ्या निकालाच्या दिवशी वर्ग सुटल्यावर बाई तशाच बसून राहिल्या. वरच्या ऑफिसकडून परत आलेले त्याचे दोन्ही पेपर समोर होते. तिसरा पेपर महिन्याच्या आत होता. त्यात नापास झाला की रॅम्प. त्या माझ्या खिडकीपाशी आल्या.

"टाइमसाहेब, जरा बघता का? माझे डोळे आता अक्षरावर ठरत नाहीत. त्याची उत्तरं वाचून दाखवा."

मी वाचली. "तीस. साडेबावन्न. सत्तर."

"खरी उत्तरं वीस, साडेसदतीस आणि पन्नास. फरक किती?"

"दहा, पंधरा, वीस," मी म्हटलं.

"आणि गाड्यांचा वेग सेकंदाला दहा, पंधरा, वीस मीटर." बाईंनी माझ्या हातून पेपर घेतला आणि दिव्याखाली धरला. "हा चुकत नाहीये हो. हा दर वेळी एक सेकंद जास्त धरतोय."

इंचपट्टी बाहेर गाडीची काच पुसत होता. त्याला आत बोलावलं. हातातलं फडकं घडी करून तो दाराशी उभा राहिला.

"दादा, हा चौकोन कशाचा?"

"तो डबा आहे."

"कसला डबा?"

"पहिल्या सेकंदाचा." जणू काही सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट सांगावी तसा तो म्हणाला. "समोर कोणीतरी दिसलं. मग डोक्यात आलं की थांबायचं. मग ह्या पेडलवरून पाय उचलून त्या पेडलवर आला. मग दाबला. मग नळीतून हवा गेली. मग कुठे ब्रेक धरला. तोवर गाडी त्याच वेगात पळत असते. सेकंद जातोच. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं, हा सेकंद आपला नाही, तो पुढच्याला देऊन ठेवायचा."

"पण गणितात ब्रेक लावल्यापासूनचं..." बाई थांबल्या. त्यांनी पेपर पुन्हा वाचला, या वेळी अगदी सावकाश. मीही त्यांच्या खांद्यावरून वाचला. ‘ड्रायव्हरला समोर अडथळा दिसताच त्याने ब्रेक लावला. अडथळा दिसल्यापासून गाडी किती अंतर जाऊन थांबेल?’ तिन्ही गणितं तशीच होती. फक्त आकडे वेगळे.

"दिसल्यापासून," इंचपट्टी म्हणाला.

"चार महिने मी तुमचा डबा खोडते आहे. तुम्ही एकदा तरी बोलायचं."

"तुम्ही दमलेल्या असता, बाई. एका डब्यावरून तुमच्याशी कुठे वाद घालू?"

बाई खुर्चीत बसल्या. मी इतक्या वर्षांत बरीच माणसं शरमलेली पाहिली आहेत, बहुतेक माझ्याच वहीमुळे. पण शिकवणारं माणूस शरमलेलं मी तेव्हाच पाहिलं. मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी उगीच जाऊन घड्याळाला किल्ली दिली.

पण बाईंचा स्वभाव असा की कोणी सांगितलं म्हणून त्या मानायच्या नाहीत. मोजून पाहायला हवं. दोन दिवसांनी दुपारी तीन वाजता, गाड्या कमी असताना, डेपोमागच्या जुन्या सरळ रस्त्यावर आम्ही जमलो. रस्त्यावर चुन्याच्या तीन रेघा मारल्या. आधी इंचपट्टीला सांगितलं, ताशी छत्तीसने, म्हणजे सेकंदाला दहा मीटरने ये आणि मधल्या रेघेवर ब्रेक धरेल असं बघ. तो आला. टेप लावली. साडेवीस मीटर. सूत्राप्रमाणे वीस. बाईंनी मान डोलावली.

मग खरा प्रयोग. शिट्टी माझ्या तोंडात. तीनपैकी कोणत्या रेघेवर वाजवायची ते फक्त मला ठाऊक. तो आला, पहिली रेघ ओलांडली, दुसरी ओलांडताना मी शिट्टी फुंकली. टेप लावली. तेहेतीस मीटर.

"तेरा जास्त," मी म्हटलं. "दहाच जास्त यायला हवेत. म्हणजे याचाही हिशेब कच्चाच."

"त्यातले तीन तुमचे आहेत, टाइमसाहेब," बाई म्हणाल्या. "गाडी रेघेवर आलेली तुम्हाला दिसायला आणि शिट्टी फुंकायलाही वेळ लागतो."

अठ्ठावीस वर्षं मी या डेपोची वेळ सांभाळतोय. मला हे माझ्या तोंडावर कोणी सांगितलं नव्हतं. मी पुन्हा तीनदा शिट्टी फुंकली, अगदी डोळ्यात तेल घालून. दर वेळी तीन-साडेतीन मीटर माझ्या नावावर निघालेच.

शेवटच्या फेरीला बाई म्हणाल्या, मी आत बसते. त्या ड्रायव्हरशेजारी दांडा धरून उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं गाड्यांची गणितं शिकवणाऱ्या ह्या बाईंना साधी सायकल येत नाही, आणि गाडीच्या पुढच्या काचेतून रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता. कायम चौथी सीट आणि झोप. मी शिट्टी वाजवली, गाडी थांबली, बाई खाली उतरल्या. चेहरा उतरला होता.

"त्या सेकंदात काहीच होत नाही हो," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही शिट्टी वाजवलीत ते मला ऐकू आलं. त्याने पाय उचललेला दिसला. आणि गाडी नुसती जातच होती."

त्याच संध्याकाळी त्यांनी वरच्या ऑफिसला पत्र लिहिलं. चार पानी, मोजमापांसकट. तिन्ही गणितांची उत्तरं चुकीची आहेत, ती बदला आणि ह्या ड्रायव्हरचे जुने पेपर पुन्हा तपासा. मी त्यावर डेपोचा शिक्का मारला. तसा अधिकार मला नाही, पण शिक्का माझ्याच टेबलावर असतो.

उत्तर यायला सतरा दिवस लागले. ते आलं तेव्हा बाई तापाने दोन दिवस आल्या नव्हत्या, आणि परीक्षा सोमवारवर येऊन ठेपली होती. म्हणून मी स्वतः पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दर मजल्याला अठरा पायऱ्या. वर पोचेपर्यंत मी मेटाकुटीला आलो.

दार त्यांच्या नवऱ्याने उघडलं. निवृत्त कंपाउंडर. कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्ही सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा लावलेला. "गणितवाल्या आत आहेत," ते ओरडून म्हणाले. "ताप एकशे एक आहे आणि वह्या चौसष्ट आहेत. दोन्ही उतरत नाहीत."

बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर वही, गळ्यात लाल पेन. "चोपन्न पायऱ्या चढून आलात," त्या म्हणाल्या. "मी रोज चढते आणि रोज डोक्यात येतं, पाचने गुणा, अठराने भागा, पंधरा. एवढी वर्षं झाली, मला चोपन्न हा आकडा नुसता चोपन्न म्हणून दिसतच नाही."

पाकीट त्यांनी फोडलं. वरच्या पत्रात दोनच ओळी होत्या. उत्तरसूची तज्ज्ञ व्यक्तीने तयार केलेली असून चालू वर्षात तिच्यात बदल करता येणार नाही, माहितीसाठी मूळ प्रत जोडली आहे. मी म्हटलं, "कोण हा तज्ज्ञ टिकोजीराव, मला नाव सांगा. मी बघतो त्याच्याकडे."

बाईंनी मूळ प्रत उलटून पाहिली. मग माझ्यापुढे धरली. पिवळट पडलेला कागद, निळी शाई, वरची पहिली ओळ ‘समजा’ने सुरू होणारी. ते अक्षर मी पाच महिने फळ्यावर पाहत होतो.

"अकरा वर्षं झाली असतील," त्या म्हणाल्या. "शाळेकडे कोणीतरी चाळीस गणितं मागितली होती. मुलगी दहावीला होती, सासूबाई अंथरुणावर होत्या. एका रविवारी दुपारी बसून लिहून दिली, कशाला हवीत ते विचारलंही नाही. त्या दिवशी पेपर हातात होता तरी ओळखली नाहीत. ही गणितं सगळीकडे सारखीच असतात." त्यांनी कागद मांडीवरच्या वहीवर ठेवला. "पुस्तकातल्या गाडीत जीव नसतो. नुसता वेग, नुसता ब्रेक. मला वाटलं, जरा खरं वाटावं. म्हणून मी समोर अडथळा घातला, ड्रायव्हर घातला, त्याला तो दिसतो असं लिहिलं. आणि उत्तर पुस्तकातलंच ठेवलं. ड्रायव्हर मी घातला, टाइमसाहेब, आणि मोजला नाही."

बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडला, "काय झालं?"

"चुकलंय," बाई ओरडल्या.

"कोणाचं?"

"माझं."

"मग खोडा की. पेन गळ्यातच आहे."

एरवी मी हसलो असतो. बाईंनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि डोळे मिटले. त्यांना रडू येत होतं की नुसता थकवा होता, ते मला कळलं नाही. मी चहा न घेताच उतरलो.

शनिवारी त्या ताप अंगात घेऊनच डेपोत आल्या. वर्ग नव्हता. इंचपट्टीला छत्र्यांच्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. मग म्हणाल्या, "सोमवारी डबा काढू नका. नुसता त्रिकोण काढा आणि उत्तर लिहा. एवढ्या तीन गणितांपुरतं."

"म्हणजे खोटं लिहू?"

"मी लिहिलं होतं तसं लिहा."

"तेच म्हणतोय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला टोमणे मारता येत नाहीत.

मला राहवलं नाही. मी खिडकीतून डोकं आत घातलं. "अरे, तीन आकडे लिहायचे आहेत. कागदावर. तुला कोणी रस्त्यावर लिहायला सांगत नाहीये. रॅम्पवर पाइप धरून उभा राहशील दोन वर्षं, ते चालेल का तुला?"

"नाही चालणार," तो म्हणाला. "मला दुसरं काही येत नाही. घरीसुद्धा मला बसता येत नाही, बायकोला विचारा. हात हलत राहतात माझे." मग बाईंकडे वळून म्हणाला, "पण तो डबा मी मोजत नाही, बाई. तो पायातच आहे. कागदावर एकदा सोडला आणि लोकांनी शाबासकी दिली, तर पायातूनही सुटेल अशी भीती वाटते. माझ्या हातून आजवर कोणाला लागलं नाही ते काही मी हुशार म्हणून नाही."

बाई फळ्याकडे वळल्या. "तुम्ही रॅम्पवर गेलात तर माझ्यामुळे जाल," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या जागी जो येईल त्याला हे कोणी शिकवलेलं नसेल. मी तर त्यालाही त्रिकोणच शिकवला आहे. पुढच्या वर्षी मी उत्तरं बदलून घेईन. पण ह्या वर्षी माझ्या हातात काही नाही. मी दमले आहे, दादा. एवढं करा."

तो उठला, फडकं उचललं आणि गाडीकडे गेला.

सोमवारी परीक्षा झाली. पेपर देणाऱ्यांत तो शेवटचा होता. तीन आकडे लिहायला त्याला दीड तास लागला. नऊ दिवसांनी निकाल आला: तीनपैकी तीन. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. कोणीतरी म्हणालं, इंचपट्टीच्या डोक्यात शेवटी उजेड पडला. त्याने मान हलवली. मी निकालाचा कागद नोटीस बोर्डावर लावला आणि बराच वेळ केबिनच्या बाहेर आलो नाही.

सहाला शेवटचा वर्ग सुटला. बाई फळा पुसत होत्या. इंचपट्टी वही घेऊन त्यांच्यापाशी आला. पान उघडून टेबलावर ठेवलं. त्यावर परीक्षेतली तीन गणितं त्याने पुन्हा लिहून आणली होती, जशी पेपरात लिहिली तशीच. पट्टीने आखलेले तीन स्वच्छ त्रिकोण. खाली वीस, साडेसदतीस, पन्नास.

"तपासा," तो म्हणाला.

"हे तर बरोबर धरलंय त्यांनी. निकाल लागला की."

"त्यांनी धरलंय. पण मला आता गाडी घेऊन निघायचंय, बाई. लाल पेन मारा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग गळ्यातला पेन घेतला, टोपण काढलं आणि खुर्ची ओढून बसल्या. पहिल्या त्रिकोणावर काट मारली. दुसऱ्यावर मारली. तिसऱ्यावर मारली. मग त्याची पट्टी मागून घेतली, आणि प्रत्येक त्रिकोणाच्या डाव्या अंगाला लाल शाईने एकेक डबा काढला. पट्टी धरूनही रेघा काही फार सरळ आल्या नाहीत. खाली खरी उत्तरं लिहिली. तीस, साडेबावन्न, सत्तर. वर कोपऱ्यात लिहिलं, तीनपैकी शून्य. आणि सही केली.

इंचपट्टीने ते पान वहीतून नीट फाडलं, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात लायसन्सच्या मागे ठेवलं. गळ्याची गुंडी चाचपली. बाईंनी खडूचा डबा आणि स्टॉपवॉच पर्समध्ये टाकलं आणि त्याच्या मागोमाग गेल्या. चौथ्या सीटवर खिडकीशी बसल्या. गाडी हलली. माझ्या केबिनवरून जाताना मी पाहिलं, फाटक अजून यायचं होतं आणि त्यांची मान काचेला टेकली होती.

मी वही ओढली आणि सहा वीस लिहिलं. सेकंदासाठी आमच्या वहीत रकाना नाही.